पी.आर.एन. नावाचा फोल्डर

शनिवारी दुपारी अडीचच्या सुमाराला आश्लेषा नाडकर्णींच्या घरी पोचली, तेव्हा पद्मिनीताई घरासमोरच्या ड्राइव्हवेमध्येच येरझाऱ्या घालत होत्या. एका हातात फोन, दुसऱ्या हातात ओला नॅपकिन. आश्लेषाने गाडीचं दार उघडायच्या आतच त्या बोलायला लागल्या.

"आलीस बाई! मला वाटलं कॅन्सल करतेस की काय. चहा आधी की काम आधी? आधी काम करू या का?"

"आधी काम. मला चारला स्वानंदीला स्विमिंगहून आणायचंय," आश्लेषा म्हणाली. स्वानंदी तिची लेक.

अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलमध्ये आश्लेषा एका कंपनीत डेटा साठवण्याच्या सॉफ्टवेअरवर काम करायची. तिचं काम आणि लोकांच्या घरचे बिघडलेले संगणक यांचा फारसा संबंध नव्हता, पण मराठी मंडळात ते कुणाला पटत नसे. प्रिंटर चालेना, फोटो सापडेनात, की फोन आश्लेषाला. ती वैतागायची आणि जायची. आजचं काम मात्र त्यातलं नव्हतं. पद्मिनीताईंनी आठवड्यात चार वेळा फोन केला होता आणि चौथ्या वेळी त्यांना नीट बोलताही येत नव्हतं.

पद्मिनीताईंचे यजमान प्रसन्न नाडकर्णी चोपन्न वर्षांचे. तीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये, त्यातली बावीस अमेरिकेत. तीन वर्षांपूर्वी त्यांना ए.एल.एस. झाल्याचं निदान झालं. या आजारात शरीराचे स्नायू एकेक करून काम सोडून देतात, डोकं मात्र शाबूत राहतं. आधी पाय गेले, मग हात, मग बोलणं अडखळायला लागलं. फेब्रुवारीत न्यूमोनिया झाला तेव्हा गळ्याला छेद देऊन नळी बसवली आणि श्वास यंत्रावर आला. उरलासुरला आवाज त्या दिवशी संपला. आता त्यांच्यासमोर एका दांड्यावर टॅब्लेट असायचा. पडद्यावरच्या अक्षराकडे ते क्षणभर बघत, आणि ते अक्षर उमटे. अशी अक्षरं जोडून वाक्य झालं की कोपऱ्यातल्या बटणाकडे बघायचं, मग यंत्र ते मोठ्याने वाची.

अडचण होती ती वाचण्याची. प्रसन्न मराठी इंग्रजी अक्षरांत लिहीत आणि ते यंत्र इंग्रजी धाटणीने वाची. 'पाठ खाजतेय' हे सोपं वाक्यही पद्मिनीताईंना पडद्यावर बघितल्याशिवाय कळत नसे. आठ महिने त्या घरात यंत्रातली एक अनोळखी बाई मोडकंतोडकं मराठी बोलत होती आणि तो म्हणे प्रसन्नचा आवाज.

"पण त्याने स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड केलेलं आहे ना सगळं!" जिना चढता चढता पद्मिनीताई सांगत होत्या. "अडीच वर्षांपूर्वी. स्पीच थेरपिस्ट म्हणाली होती, आवाज आहे तोवर रोजची वाक्यं साठवून ठेवा, पुढे यंत्रात घालता येतील. तीन आठवडे वरच्या खोलीत दार लावून बसायचा. एकशेसेहेचाळीस वाक्यं. मीच विसरले बघ, हॉस्पिटलच्या धावपळीत. ऑगस्टमध्ये ड्रॉवर आवरताना हा पेन ड्राइव्ह सापडला. आणि उघडत नाही!"

"काय म्हणतं उघडताना?"

"उघडायला गेलं की म्हणतं, नाव चुकीचं आहे. थेरपिस्टने तिच्या लॅपटॉपवर पाहिलं, तेच. मग मी डिलीट करून पाहिलं—"

आश्लेषा पायरीवरच थांबली. "डिलीट?"

"मला वाटलं, डिलीट करू, मग रिसायकल बिनमधून परत आणू, म्हणजे ठीक होईल. पण डिलीट करायला गेलं की म्हणतं, असलं काही इथे नाहीच. समोर दिसतंय आणि म्हणतं नाही!"

"ताई, पेन ड्राइव्हवरचं डिलीट केलेलं बिनमध्ये जात नाही. थेट जातं."

पद्मिनीताईंनी कठडा धरला.

प्रसन्न खिडकीपाशी चाकाच्या खुर्चीत होते. उशा लावून मान सरळ ठेवलेली, गळ्यापासून निघालेली नळी मागच्या यंत्राला जोडलेली. यंत्राचा फुस् फुस् आवाज एका लयीत चालला होता. आश्लेषाला पाहून त्यांनी पापण्या मिटल्या, उघडल्या. त्यांचं 'ये' म्हणणं ते एवढंच.

"कसे आहात प्रसन्नदादा? ताईंनी मला कामाला लावलंय."

ते तिच्याकडे बघत राहिले. नेहमी ते काहीतरी चेष्टा टाइप करत, आज पडद्यावर एक अक्षर उमटलं नाही. आश्लेषाच्या ते तेव्हा लक्षात आलं नाही. तिने शेजारच्या टेबलावर आपला लॅपटॉप मांडला आणि पेन ड्राइव्ह लावला.

आत एकच फोल्डर होता. नाव तीन अक्षरांचं, पी.आर.एन. तिने त्याला हात लावला नाही. आधी सबंध पेन ड्राइव्हची हुबेहूब प्रत आपल्या लॅपटॉपवर घ्यायला लावली, म्हणजे आपल्या हातून चुकलं तरी मूळ सुरक्षित राहील. पडद्यावर हिरवी पट्टी हळूहळू सरकायला लागली.

"किती वेळ?" पद्मिनीताई पाठीशी उभ्या होत्या.

"वीस मिनिटं."

त्या खिडकीपर्यंत गेल्या, पडदा सारखा केला, परत आल्या. प्रसन्नच्या ओठांच्या कडा पुसल्या. परत खिडकीपर्यंत गेल्या. "आता किती?"

"एकोणीस, ताई."

आश्लेषाचाही पाय टेबलाखाली हलत होता. तिने फोल्डरच्या नावाकडे पुन्हा पाहिलं. पी.आर.एन. प्रसन्न रमेश नाडकर्णी. आपल्या वहीवर घालावीत तशी आद्याक्षरं. आणि मग तिला एकदम उमगलं.

ही तीन अक्षरं प्रिंटरची होती. फार जुन्या काळापासून विंडोजने काही छोटी नावं यंत्रांसाठी राखून ठेवली आहेत, त्यातलं हे एक. त्या नावाचा फोल्डर विंडोजवर तयारच करता येत नाही. प्रसन्ननी रेकॉर्डिंग केलं ते ऑफिसच्या मॅकवर, तिथे असा नियम नाही. पुढे तो मॅक ऑफिसला परत गेला आणि घरात राहिले ते विंडोजवाले लॅपटॉप. त्यांना त्या नावाचा फोल्डर दिसे, पण उघडायला सांगितलं की ते प्रिंटर शोधत बसत. आतलं काहीही खराब झालेलं नव्हतं. कुणाच्याही मॅकवर लावलं असतं तर एका क्लिकवर उघडलं असतं, पण ते कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. विंडोजवरही जमण्यासारखं होतं. आज्ञा लिहिताना पत्त्याच्या आधी ठरावीक चिन्हं टाकली की ते नावाची तपासणी करत नाही, दिलं तसं घेतं. एक ओळ लिहून फोल्डरचं नाव बदललं की काम संपलं.

ती ताईंना हाक मारणार, तेवढ्यात खाली घंटी वाजली.

"नळ्यांची खोकी असतील. सही करावी लागते," म्हणत पद्मिनीताई धावत खाली गेल्या.

"दादा, सापडलं!" आश्लेषा खुर्ची वळवून म्हणाली. "तुमचं नावच आडवं आलंय. पी.आर.एन.—"

प्रसन्नची नजर पडद्यावर भराभर फिरत होती. एकेक अक्षर उमटत होतं. त्यांनी वाचून दाखवायच्या बटणाकडे बघितलं नाही. ते फक्त तिने वाचावं म्हणून होतं.

'माहीत आहे.'

"म्हणजे?"

'पहिल्याच दिवशी कळलं.'

आश्लेषा उठून त्यांच्या खुर्चीशी आली. तीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढलेला माणूस. त्यांना न कळायला काय झालं! दोन महिने बायको या पेन ड्राइव्हच्या डबीला घेऊन दारोदार फिरतेय आणि हे गप्प बसलेत.

"मग सांगितलं का नाहीत?"

नजर पुन्हा फिरू लागली. खाली दाराशी कुणीतरी हसलं, खोकी ओढल्याचा आवाज आला. तिला वाटलं, किती हळू आहे हे सगळं.

'उघडू नको. डिलीट कर. पद्माला सांग खराब झालं होतं.'

जिन्यावर पावलं वाजली. प्रसन्ननी पुसायच्या खुणेकडे पाहिलं आणि पडदा कोरा झाला.

"झालं का गं?" पद्मिनीताईंना धाप लागली होती.

"अजून प्रत चाललीय," आश्लेषा म्हणाली. ते खरं होतं, पण खोटं बोलल्यासारखं वाटलं. तिने ताईंकडे बघायचं टाळलं.

पुढची पंधरा मिनिटं तिला फार जड गेली. ती लॅपटॉपवर उगाचच खिडक्या उघडत होती, बंद करत होती. मागे ताई चालत होत्या, चार पावलं इकडे, चार तिकडे. खुर्चीतून दोन डोळे आपल्यावर रोखलेत हे तिला न बघता जाणवत होतं. फोल्डर उघडायला एक ओळ आणि उडवायलाही एकच ओळ, बटणं तीच. इतके दिवस त्या चुकीच्या नावाने दोघांचंही काही चालू दिलं नव्हतं, आणि आता ते तिच्या बोटांवर आलं होतं. खराब झालंय म्हणून सांगितलं तर कुणालाही कधी कळणार नव्हतं.

आवाज त्यांचा, म्हणजे त्यांनी म्हटल्याप्रमाणे करायला हवं. पण ताईंना तोंडावर फसवायचं? ती बाथरूममध्ये जाऊन तोंड धुऊन आली. घड्याळात सव्वातीन झाले होते.

जिन्यातच तिला अनिका भेटली. नाडकर्णींची मुलगी, सतरा वर्षांची, लायब्ररीतलं काम संपवून नुकतीच घरी आली होती.

"अनिका, एक काम करशील? स्वानंदीला स्विमिंगहून आणशील? मला उशीर होणार आहे."

"शुअर, मावशी. आय कॅन गेट हर." तिने खिशातल्या चाव्या पुन्हा काढल्या. मग थांबून खालच्या आवाजात विचारलं, "इज इट गॉन? बाबाज व्हॉइस?"

"नाही," आश्लेषा म्हणाली. त्या क्षणी तिचं ठरलं. या मुलीला तिने जे सांगितलं, त्याच्या उलट वर जाऊन सांगणं तिला जमणार नव्हतं.

ती खोलीत गेली आणि प्रसन्नच्या समोर स्टूल ओढून बसली. पद्मिनीताई मागे होत्या.

"दादा, मी ताईंना न सांगता काही डिलीट करणार नाही. आणि तुम्ही हो म्हटल्याशिवाय काही उघडणार नाही. तुमचं तुम्ही सांगा त्यांना. मला मधे नका ठेवू."

"काय सांगायचंय?" पद्मिनीताईंचा आवाज एकदम बारीक झाला. "प्रसन्न? काय डिलीट करायचंय?"

प्रसन्ननी डोळे मिटून घेतले. दोघी वाट बघत राहिल्या. आश्लेषाला वाटलं, आपण चुकलो, आता हे कधीच डोळे उघडणार नाहीत. आणि उघडले तरी आपल्याकडे पुन्हा बघणार नाहीत.

मग त्यांनी डोळे उघडले आणि लिहायला सुरुवात केली. पद्मिनीताई वाकून पडद्याकडे बघत होत्या, त्यांचे ओठ अक्षरांबरोबर हलत होते.

'१३१ नंबर. त्यात मी सांगितलंय, श्वासाचं मशीन लावू नका. मला जाऊ द्या.'

पद्मिनीताई सरळ झाल्या. आश्लेषाला वाटलं त्या रडतील. त्या रडल्या नाहीत. पलंगाच्या कडेवर बसल्या, दुपारपासून पहिल्यांदाच.

"मला वाटलंच होतं," त्या म्हणाल्या. "प्रसन्न, मला तेच ऐकायचं होतं रे. बाकीची वाक्यं कशाला हवी होती मला? पाठ खाजते आणि पंखा लाव?"

आश्लेषा उठायला लागली. ताईंनी तिचं मनगट धरून ठेवलं, बहुधा कुणाचं धरलंय हेही त्यांना कळलं नसावं.

"फेब्रुवारीत डॉक्टरने विचारलं तेव्हा तू गुदमरत होतास. मी विचारलं, नळी बसवू देऊ का? तू डोळे मिटलेस. मी म्हटलं, हो म्हणतोय. सही केली." त्या भराभर बोलत होत्या. "तेव्हापासून मला सुचत नाही. तू हो म्हणालास की घाबरून नुसते डोळे मिटलेस? की मला हवं तेच मी वाचलं? रोज तुला आंघोळ घालते आणि रोज वाटतं, याला नको होतं आणि मी ठेवलंय धरून. विचारायची हिंमत होईना. म्हटलं, त्या डबीत काहीतरी असेल. तू बरा होतास तेव्हाचं. ते खरं असेल."

प्रसन्न लिहीत होते. या वेळी नजर दोनतीनदा चुकली, भलतीच अक्षरं आली, ती त्यांनी खोडली. पद्मिनीताई पलंगावरून उठून पुन्हा पडद्याशी गेल्या. एकेक शब्द येत होता आणि त्या तो मोठ्याने वाचत होत्या.

"'तेव्हा... खरंच... वाटत... होतं. आवाज... माझा... आहे. म्हणणं... आता... माझं... नाही.'"

मग पुढची ओळ.

"'फेब्रुवारीत... मी... हो... म्हणालो.'"

आणि थोड्या वेळाने आणखी एक.

"'तू... ते... ऐकलंस... तर... माझ्यापेक्षा... त्याच्यावर... विश्वास... ठेवशील. म्हणून.'"

पद्मिनीताईंनी पडद्यावरून हात फिरवला, जणू धूळ पुसतायत. त्याने दोन अक्षरं भलतीच उमटली. "एवढं तोंडाने सांगायला काय झालं होतं रे तुला," त्या म्हणाल्या, आणि आपण काय बोललो ते ध्यानात येऊन त्यांना हसू फुटलं, आणि मग मात्र रडू आवरेना. प्रसन्नच्या डोळ्यांतूनही पाणी येत होतं. त्याने कॅमेऱ्याला बुबुळं सापडेनात, पडद्यावर लाल सूचना लुकलुकायला लागली.

आश्लेषाने नॅपकिन घेऊन आधी त्यांचे डोळे पुसले.

"आता उघडू का?" तिने विचारलं. "दोघांनी सांगा."

प्रसन्नच्या पापण्या मिटल्या, उघडल्या. ताईंनी मान हलवली.

तिने ओळ लिहिली, एंटर दाबलं. पी.आर.एन. गेलं आणि त्या जागी 'प्रसन्न' हे नाव आलं. फोल्डर उघडला. एकाखाली एक फायली, ००१ पासून १४६ पर्यंत, सगळ्या जागेवर. तिने तो पेन ड्राइव्ह टॅब्लेटला लावून दिला, म्हणजे पुढचं त्यांचं त्यांना करता येईल.

"मी ते एकदा ऐकणार," पद्मिनीताई म्हणाल्या. "मग तू उडव. मी विश्वास तुझ्यावरच ठेवीन, शपथ. पण न ऐकता मला चैन पडायची नाही."

प्रसन्ननी बराच विचार केला. मग लिहिलं, 'ऐक.'

आश्लेषा खाली गेली आणि मागच्या लाकडी डेकवर जाऊन उभी राहिली. ऑक्टोबरचं स्वच्छ ऊन होतं. शेजारी कुणीतरी यंत्राने पानं उडवत होतं, त्या घरघरीत वरचं काही ऐकू येण्यासारखं नव्हतं. तरी तिने उगाच फोन काढला, मेल बघितले, एकही वाचला नाही. डेकच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ती किती वेळा गेली कुणास ठाऊक. ताईंनी ते ऐकून 'तुला जाऊच द्यायला हवं होतं' म्हटलं तर? दादांनी लिहिलेलं खोटं निघालं तर? चार बरी वाक्यं यंत्रात घालून चहा पिऊन परत जायचं, एवढंच ती ठरवून आली होती.

पंचवीस मिनिटांनी ताईंनी वरून हाक मारली.

खोलीत यादी अजून उघडीच होती. १३०, आणि त्याच्याखाली १३२.

"त्याचं त्यानेच उडवलं," पद्मिनीताई म्हणाल्या. त्यांचे डोळे सुजले होते. "तीनदा विचारलं मशीनने, नक्की का, नक्की का. याने तीनदा हो म्हटलं."

मग आश्लेषाने आपला लॅपटॉप प्रसन्नसमोर धरला आणि सुरुवातीला घेतलेली प्रत त्यांच्या देखत कायमची पुसली. ते काम कुणी सांगितलं नव्हतं, पण त्यांनी पापण्या मिटून उघडल्या आणि ती समजली.

चहा त्यानंतर झाला. अनिका स्वानंदीला घेऊन आली, ओल्या केसांनी स्वानंदी खुर्चीच्या चाकाशी बसून बिस्किटं खात राहिली. तेव्हा प्रसन्ननी यादीतला एक आकडा निवडला. खोलीत एका पुरुषाचा जाडसर, किंचित नाकातला आवाज आला, "अनिका, बूट काढून ये बघू आधी."

अनिकाने खाली पाहिलं. तिच्या पायांत बूट होते. "ओह माय गॉड, बाबा," ती म्हणाली आणि तिथेच जमिनीवर बसून नाड्या सोडायला लागली. एक गाठ तिला काही केल्या सुटेना.

दहाबारा दिवसांनी पद्मिनीताईंचा आश्लेषाला फोन आला. थेरपिस्टच्या मदतीने त्यांनी सगळी वाक्यं ऐकली होती. 'गाडी मी काढतो', 'आज जेवण मी करीन' अशी बरीच आता उपयोगाची राहिली नव्हती, ती प्रसन्ननी स्वतः काढून टाकली. एकोणसाठ ठेवली. त्यांची बटणं झाली होती. बाकीचं अजून यंत्रातली तीच बाई बोलायची, आणि त्याला इलाज नव्हता.

"आणि तुम्ही? झोप लागते का आता?" आश्लेषाने विचारलं.

"लागते गं. पण पहाटे उठून बघतेच, मशीन चालू आहे ना ते." पलीकडून भांड्यांचा आवाज येत होता, ताई चालता चालताच बोलत होत्या. "काल मी विचारलं त्याला, आजचं काय म्हणणं आहे? रोज विचारणार आहे म्हटलं, बदललं तर सांग. तर म्हणतो, दर रविवारी विचार, रोज काय कटकट. आता कुठल्या दिवशी विचारायचं यावरून आमचं भांडण चाललंय."